स्वमग्नतेचे प्रकार गेले कुठे?

उत्तर अमेरिकेतील १२ विद्यापीठ केंद्रांत स्वमग्नतेचे (ऑटिझमचे) निदान झालेल्या दोन हजारांहून अधिक मुलांच्या नोंदी कॅथरिन लॉर्ड आणि सहकाऱ्यांनी तपासल्या. २०१२ मध्ये निष्कर्ष आला: मुलाला 'ऑटिझम' म्हणायचे की 'अ‍ॅस्पर्जर', हे लक्षणांपेक्षा तो कोणत्या केंद्रात गेला यावरच अधिक ठरत होते.

या प्रकारांचा इतिहास जुना. बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांचे वर्णन केले. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स अ‍ॅस्पर्जर यांनी भरभरून बोलणाऱ्या, पण समवयस्कांत न मिसळणाऱ्या मुलांविषयी लिहिले. ही दोन्ही वर्णने एकाच वर्णपटावरची आहेत, असे लॉर्ना विंग यांनी पुढे मांडले. तरीही १९९४ च्या अमेरिकी निदानपुस्तिकेत पाच वेगळी नावे होती. २०१३ मध्ये त्यातली चार एकत्र करून 'ऑटिझम स्पेक्ट्रम डिसॉर्डर' हे एकच निदान ठेवले गेले. पाचवे, रेट सिंड्रोम, बाहेर पडले. कारण त्यामागचे एक्स गुणसूत्रावरचे जनुक हुदा झोग्बी यांच्या प्रयोगशाळेने १९९९ मध्येच शोधले होते. बाकीच्यांना वेगळे करणारे असे एकही जैविक कारण हाती लागले नव्हते.

आता निदान दोन गोष्टींवर होते. एक, इतरांशी संवाद साधण्यातल्या अडचणी. दुसरी, तेच ते वागणे, ठरलेल्या क्रमाचा आग्रह, एखाद्याच विषयाचा ध्यास. कुकरच्या शिट्टीने कासावीस होणे किंवा ठरावीक कापडच अंगाला सहन होणे हेही त्यातच आले. दोन्हींसाठी मदतीची गरज एक ते तीन अशा पायऱ्यांत स्वतंत्रपणे नोंदवली जाते. म्हणून 'सौम्य' आणि 'तीव्र' या दोन टोकांत सगळी मुले बसत नाहीत. अस्खलित बोलणाऱ्या मुलीला शाळेच्या गोंगाटात तासभर बसणे अशक्य होऊ शकते. अजिबात न बोलणारा मुलगा चित्रांच्या साहाय्याने आपले म्हणणे नेमके सांगू शकतो.

रक्ताच्या तपासणीने हे निदान होत नाही. वागण्याचे निरीक्षण आणि पालकांची माहिती यांवरच ते आधारलेले असते. वर्षाचे मूल हाकेला वळून पाहत नसेल, दीड वर्षाचे बोटाने काही दाखवत नसेल, तर 'बोलेल उशिरा' म्हणून थांबू नये. बालरोगतज्ज्ञांकडून विकासाची तपासणी करून घ्यावी. निदान झाल्यावर मूल कोणत्या प्रकारातले, यापेक्षा त्याला कुठे आणि किती मदत लागेल, हे डॉक्टरांना विचारणे अधिक उपयोगाचे.