छोट्या गाडीला मोठी ब्रेक डिस्क: गाडी खरंच लवकर थांबते का?

गेल्या मे महिन्यात आम्ही साताऱ्याहून महाबळेश्वरमार्गे पोलादपूरला उतरत होतो. गाडी आमची छोटी हॅचबॅक. आत आई, बाबा, बहीण आणि डिकी भरून सामान. आंबेनळी घाट निम्मा उतरलो आणि एका वळणाआधी ब्रेक दाबला, तर पेडल स्पंजसारखं मऊ होऊन खालीच गेलं! भराभर दोन-तीनदा दाबलं तेव्हा कुठे थोडा ब्रेक लागला. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि कडेला मोकळ्या जागेत उभी केली. बाबा एवढंच म्हणाले, "आता थोडा वेळ इथेच बसू."

त्या रात्री मोबाईलवर ढीगभर व्हिडिओ पाहिले. बहुतेकांचा उपाय एकच: मोठी डिस्क टाका. मीही ऑर्डर करायच्या बेतात होतो. पण त्याआधी जे समजलं, ते तुम्हालाही सांगतो.

ब्रेक नेमकं काय करतो?

ब्रेक गाडीच्या वेगाची उष्णता करतो. पॅड डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटतात, घर्षण होतं आणि डिस्क तापते. वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा चौपट होते. म्हणजे १०० च्या वेगावरून थांबताना ५० च्या तुलनेत चौपट उष्णता.

आता घाटाचा हिशोब बघा. माणसं आणि सामान धरून १२०० किलोची गाडी १००० मीटर खाली उतरते, तेव्हा जेवढी ऊर्जा बाहेर पडते, ती गाडी १०० च्या वेगावरून साधारण २५ वेळा पूर्ण थांबवण्याइतकी असते. यातली काही इंजिन आणि हवा खाते. पण तुम्ही न्यूट्रलमध्ये किंवा वरच्या गिअरमध्ये उतरत असाल, तर जवळपास सगळा भार ब्रेकवर. आणि मी चौथ्या गिअरमध्ये उतरत होतो.

मोठ्या डिस्कचा फायदा काय?

दोन खरे फायदे आहेत.

पहिला, उष्णता. तासभर गेम खेळल्यावर फोन तापतो आणि हँग व्हायला लागतो, बरोबर? मोठी डिस्क म्हणजे मोठा हीट सिंक. धातू जास्त, म्हणून ती हळू तापते आणि पृष्ठभाग जास्त, म्हणून लवकर थंड होते. मध्ये हवा खेळायला जागा असलेली व्हेंटिलेटेड डिस्क यात आणखी चांगली.

दुसरा, तरफ. दार बिजागरीजवळ ढकललं तर जोर लागतो, कडेला ढकललं तर सहज उघडतं. तसंच पॅड केंद्रापासून १०० मिमीऐवजी ११२ मिमीवर धरायला लागला, तर पायाच्या तेवढ्याच जोरात ब्रेक १२ टक्के जास्त लागतो.

मग गाडी लवकर थांबेल?

इथेच बहुतेकजण फसतात. गाडी शेवटी थांबवतो तो टायर. जोरात ब्रेक मारल्यावर पेडल थरथरतं ना? म्हणजे एबीएस चालू झालं, टायरची पकड संपली. त्यापुढे डिस्क कितीही मोठी असो, थांबण्याचं अंतर कमी होत नाही. नेटवर्कच टूजी असेल तर फोन कितीही भारी घेऊन काय उपयोग?

एबीएस नसलेल्या जुन्या गाडीत तर उलटा धोका आहे. पुढचा ब्रेक वाढला आणि मागचे ड्रम तसेच राहिले, तर पुढची चाकं लवकर जाम होतात. जाम झालेलं चाक वळत नाही, घसरतं. स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाते.

तरीही टाकायचीच असेल तर हे तपासा

• रिममध्ये जागा: मोठी डिस्क आणि बाहेर सरकलेला कॅलिपर १३ इंची चाकात बहुतेक बसत नाही. मग अ‍ॅलॉय आणि टायरचाही खर्च आला.
• कॅलिपरचं ब्रॅकेट: जुना कॅलिपर बाहेर सरकवायला ब्रॅकेट लागतं. कोपऱ्यावरच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करून बनवलेलं अजिबात लावू नका. ते तुटलं तर ब्रेकच गेला.
• माप: फक्त व्यास नाही. जाडी, मधलं भोक, बोल्टची जागा आणि डिस्कची खोली, सगळं जुळायला हवं.
• भोकं पाडलेली डिस्क: दिसायला भारी, पण सतत तापली की भोकांपासून तडे जाऊ शकतात.
• कायदा: मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करता येत नाहीत. वॉरंटी आणि विम्याचाही आधी विचार करा.

माझ्या गाडीत काय बिघडलं होतं?

गॅरेजमध्ये मिस्त्रींनी ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडलं आणि हसले. "डिस्क बदलून काय करणार दादा? ऑइल बघा, काळ्या चहासारखं झालंय." चार वर्षांत ते एकदाही बदललं नव्हतं.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नव्या डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश, पण पाणी मुरल्यावर तो १४० पर्यंत येऊ शकतो. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडे दाबले जातात, म्हणून पेडल खाली जातं आणि जोर चाकापर्यंत पोचतच नाही.

हा फरक लक्षात ठेवा. उतारावर तापून पेडल मऊ पडलं तर संशय ऑइलवर. पेडल कडक आहे, जळका वास येतोय, पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापलेत. दोन्ही वेळा गाडी कडेला घेऊन ब्रेक आपोआप थंड होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते किंवा तडकते.

मी शेवटी काय केलं?

डिस्क मूळचीच ठेवली. ऑइल पूर्ण काढून नवं डॉट ४ भरलं (तुमच्या गाडीला कोणतं चालतं ते डबीच्या झाकणावर लिहिलेलं असतं), पॅड बदलले आणि दर दोन वर्षांचं रिमाइंडर फोनमध्ये लावलं. दिवाळीत तोच घाट तेवढंच सामान घेऊन दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. ब्रेक अगदी कमी लागला आणि पेडल शेवटपर्यंत घट्ट राहिलं.

ट्रॅकवर गाडी पळवत असाल किंवा इंजिनची ताकद वाढवली असेल, तर मोठ्या डिस्कला अर्थ आहे. बाकीच्यांनी आधी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलचा रंग बघावा. काळं दिसलं तर घाटात जायच्या आधी बदलून घ्या.