हौसेच्या नावालाही पुरावा हवा
अमेरिकेत बर्कली इथे १९६६ साली सुरू झालेल्या ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रॉनिझम’मध्ये लोक हौसेनं मध्ययुगीन युरोपीय बनतात. तिथे नाव आणि ढालीवरचं चिन्ह नोंदवायचं, तर जाणकार ते तपासतात: नाव जुन्या कागदपत्रांच्या आधारे टिकतं का, चिन्ह दुसऱ्याच्या चिन्हाशी फार जुळत तर नाही ना. काळ्या ढालीवर निळा सिंह सहसा नामंजूर होतो, कारण गडदावरचं गडद लांबून ओळखू येत नाही. निळ्यावर सोनेरी सिंह उठून दिसतो. खेळात एवढी छाननी कशाला, असं कुणी म्हणेल. जेरुसलेमच्या मध्ययुगीन राज्यानं तर ढालीवर चांदीवर सोन्याचे, म्हणजे फिक्यावर फिके, क्रूस मिरवले! पण ते गाजले अपवाद म्हणूनच. शिवाय नोंदणी ऐच्छिक आहे. ज्याला चिन्ह स्वतःपुरतं राखून हवं, त्याच्याकडे पुरावा मागणं रास्तच.