मागील पानावरून पुढे

बँकेत लागलो तेव्हा लेजर म्हणजे दोन्ही हातांनी उचलायची वही होती. पान संपले की तळाला बेरीज करायची आणि ती पुढच्या पानाच्या माथ्यावर ‘मागील पानावरून’ म्हणून उतरवायची. मागे जाऊन कुणी एखादा आकडा बदललाच, तर त्या पानाची बेरीज बिघडे आणि तिच्यामागोमाग पुढची सगळी पाने चुगली करू लागत.

हल्ली ज्याला ‘ब्लॉकचेन’ म्हणतात, ते समजावताना नातवाने दोन संध्याकाळी खर्ची घातल्या. मला मात्र ही वहीच दिसत होती. इथे बेरजेऐवजी पानातल्या मजकुराचा गणिताने काढलेला ठसा पुढच्या पानात उतरतो, आणि वहीच्या प्रती अनेकांपाशी राहतात, एवढाच फरक. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या संशोधकांनी अशी साखळी १९९१ साली मांडली. १९९५ पासून तिचा ठसा दर आठवड्याला ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या छोट्या जाहिरातींत छापला जाऊ लागला. घरोघरी गेलेला अंक मागाहून बदलणार कोण? आम्हा अंबाजोगाईकरांना तर दासोपंतांची पासोडी ठाऊक आहे. पोथीतले एखादे पान गुपचूप बदलता येईल; चाळीस फुटी कापडाचा मधलाच तुकडा कापला तर तो लपणार नाही.

हे सारे आठवायचे कारण पाणी. ज्या मांजरा धरणाचे पाणी आम्ही पितो, ते कोरडे पडल्यावर एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच काळात जलयुक्त शिवार योजनेची कामे जोरात होती. कामाचा फोटो अक्षांश-रेखांशासह मोबाइलवरून चढवायचा, अशी सोयही होती. पुढे ‘कॅग’चा अहवाल २०२० साली आला. साडेनऊ हजार कोटींहून अधिक खर्चूनही भूजल वाढवण्यात योजनेला फारसे यश आले नाही, असे त्यात होते. तपासलेल्या जिल्ह्यांत आपला बीडही होता.

मग नोंदी साखळीत घातल्या की झाले? इथे माझ्यातला बँकवाला अडखळतो. ऐंशीच्या दशकात एका शाखेत मी विहीर-कर्जांच्या फायली तपासत होतो. दोन कर्जदारांच्या दोन विहिरींचे दोन फोटो. दोन्हींत मागे तेच वाकडे कडुलिंबाचे झाड. एकात डावीकडे, दुसऱ्यात उजवीकडे. मोटारसायकल काढून गेलो. विहीर एकच होती! सह्या बिनचूक, लेजर पैशापर्यंत जुळलेले. ही नवी साखळी तेव्हा असती, तर तिने ती लबाडीसुद्धा इमानाने जपून ठेवली असती. लिहिलेले बदलू न देणे हे तिचे काम. लिहिणारा खरे लिहितो का, हे तिला कळत नाही.

अक्षांश-रेखांश असते तर मात्र माझी खेप वाचली असती. आता वरून पाहणाराही आहे. युरोपचे ‘सेंटिनेल-२’ उपग्रह साधारण पाच दिवसांनी त्याच जागेवरून जातात. दहा मीटरचा चौकोन त्यांना ओळखता येतो आणि चित्रे फुकट मिळतात. कागदावर भरलेला पाझर तलाव खरोखर भरला का, हे त्यांत दिसते. पण ढग आले की काही दिसत नाही, तळाचा गाळ दिसत नाही, आणि विहिरीतले पाणी तर नाहीच नाही. त्यासाठी माणसालाच काठावर जावे लागते. भूजल सर्वेक्षण यंत्रणेची माणसे ठरलेल्या विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजतात.

माझे मागणे एवढेच, की हा आकडा साखळीत जाण्याआधी गावातल्या दुसऱ्या कुणीतरी मोजमापाच्या वेळी उभे राहून पाहावा. त्याच दिवशी तो शाळेच्या भिंतीवर खडूने लिहावा. ज्याची विहीर आटली आहे तो चुकीचा आकडा वाचून गप्प बसणार नाही. आणि हो, फोटो काढताना मागचे झाड येऊ द्यावे.