नाताळातले लंडन, आई-बाबांच्या चालीने

नाताळच्या सुट्टीत लेकाकडे किंवा लेकीकडे लंडनला जाणारे आई-बाबा आता मराठी घरांना नवे नाहीत. इकडून बॅगेत भाजणी, मेतकूट आणि चकल्या निघतात. तिकडे मुलांनी जपून ठेवलेली रजा आणि भटकंतीचा तक्ता तयार असतो. ट्रॅफल्गार चौकात १९४७पासून दरवर्षी ऑस्लोहून भेट येणारे झाड, रीजंट स्ट्रीटची रोषणाई, नॅचरल हिस्टरी म्युझियम आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२मध्ये राहिले ते घर, असे सगळे त्यात असते. आपण ज्या शहरात रुजलो ते आई-बाबांना दाखवण्याची हौस मोठी असते. फक्त पाहणाऱ्यांचे शरीर त्या तक्त्यात बहुधा नसते.

डिसेंबरात लंडनचे दुपारचे तापमान साधारण ८-९ अंश सेल्सियस असते. ऊबदार घरातून या हवेत पाऊल टाकले की त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. तरुण शरीर हे सहज सोसते. रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्या सत्तरीच्या माणसाला मात्र पोटभर जेवणानंतर समोरच्या वाऱ्यात चढ चढताना हाच ताण जड जातो.

दोष केवळ थंडीचा नाही. स्वीडनमध्ये १९९८ ते २०१३ या काळातल्या दोन लाख ८३ हजार हृदयविकाराच्या झटक्यांचा अभ्यास झाला. नाताळच्या आदल्या दिवशी झटक्यांचा धोका ३७ टक्क्यांनी वाढलेला आढळला आणि तो रात्री दहाच्या सुमारास सर्वाधिक होता. ही तुलना सणाच्या आधीच्या आणि नंतरच्या आठवड्यांशी केलेली होती. थंडी तर त्या आठवड्यांतही होतीच. पंचाहत्तरीपुढचे, मधुमेही आणि आधीपासून हृदयविकार असलेले यांच्यात ही वाढ अधिक दिसली. नेमके कारण अशा अभ्यासातून सिद्ध होत नाही. पण जास्तीचे खाणे-पिणे, जागरण, दगदग आणि मनावरचा ताण हे सगळे सणात एकत्र येते, हे कोणालाही पटेल.

त्यात भर पडते आई-बाबांच्या गप्प बसण्याची. मुलांनी एवढा खर्च केला, रजा काढली, त्यांचा हिरमोड कशाला, म्हणून "काही नाही रे, जरा दम लागला" एवढ्यावर विषय संपवला जातो. बाहेर स्वच्छतागृह कुठे मिळेल या धास्तीने पाणी पिणे बंद होते. लघवी वाढवणारी गोळी असेल तर ती परस्पर टाळली जाते. मधुमेहात छातीत न दुखताही झटका येऊ शकतो. तेव्हा दम लागणे, घाम फुटणे किंवा गळून गेल्यासारखे वाटणे हीच त्याची खूण असू शकते. म्हणून "दमलात का?" असे विचारू नये, उत्तर ठरलेले असते. "चला, इथे बसून चहा घेऊ" म्हणावे.

तक्ता थोडा बदलला तरी बरेच साधते. पोहोचल्यावर पहिला दिवस विश्रांतीचा ठेवावा. मग दिवसाला एक बाहेरचे आणि एक आतले ठिकाण पुरे. सूर्य चारच्या आधीच मावळतो, त्यामुळे रोषणाई पाहायला रात्रीपर्यंत थांबावे लागत नाही. भुयारी रेल्वेच्या प्रत्येक स्थानकात फलाटापर्यंत लिफ्ट नसते, ते आधी पाहून ठेवावे. कॉव्हेंट गार्डन स्थानकात लिफ्ट आहे, पण तिची रांग टाळायला जिना धरला तर १९३ पायऱ्या आहेत. २५ डिसेंबरला तर भुयारी रेल्वे आणि बस दोन्ही बंद असतात. तो दिवस घरचाच समजावा.

एका जाड कोटापेक्षा कपड्यांचे दोन-तीन थर, कानटोपी आणि नाकावरून घेतलेला मफलर अधिक कामाचा. बूट न घसरणारे आणि आधी वापरून सैल झालेले हवेत. पायांची संवेदना कमी झालेल्या मधुमेहींनी पाय हीटरला टेकवू नयेत, गरम पाण्याच्या पिशवीवरही ठेवू नयेत. भाजलेले कळतच नाही.

औषधे मुक्कामाच्या दिवसांपेक्षा आठवडाभराची जास्त न्यावीत, कारण भारतातल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तिथले दुकान औषध देत नाही. ती हातातल्या बॅगेतच ठेवावीत. सामानाच्या कप्प्यात इन्सुलिन गोठून निकामी होऊ शकते. चिठ्ठीवर औषधांची मूळ नावे हवीत, कंपन्यांनी दिलेली नावे तिकडे वेगळी असतात. लंडनचे घड्याळ हिवाळ्यात साडेपाच तास मागे असते. त्यामुळे इन्सुलिन, रक्त पातळ करणाऱ्या आणि फिट्सच्या गोळ्यांच्या वेळा निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात.

विमा काढताना जुने आजार लपवू नयेत. तिथे तातडीच्या विभागातले उपचार पाहुण्यांनाही मोफत असतात. पण दाखल व्हावे लागले की बिल सुरू होते, आणि तेही नेहमीच्या दराच्या दीडपट. नाताळात नेहमीचे दवाखाने बंद असले तरी सल्ल्यासाठी १११ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. छातीत दाब येणे, जबडा किंवा हात दुखणे, दरदरून घाम येणे, अचानक तोंड वाकडे होणे किंवा बोलणे अडखळणे, यांपैकी काहीही झाले तर मात्र थेट ९९९ फिरवावा. जेवण आटोपू दे, पाहुणे जाऊ देत, असे म्हणत थांबू नये.

हे दोन्ही क्रमांक, घरचा पत्ता आणि औषधांची यादी एका कागदावर लिहून आई-बाबांच्या कोटाच्या खिशात ठेवावी. आणि पहिल्याच दिवशी त्यांना स्पष्ट सांगावे, "त्रास झाला की लगेच बोला, आमची सहल त्याने बिघडणार नाही."