षड्रस-परिषद : वैद्य व औषधालयचालक यांच्या मेळाव्याची एक योजना

वैद्यांचे मेळावे होतात, परंतु वैद्यांचा परस्परपरिचय वाढत नाही, असा अनुभव अनेक शाखांना येतो. धन्वंतरिपूजन, सत्कार, दोन व्याख्याने आणि भोजन हा क्रम ठरलेला असतो. सभासद आपल्या ओळखीच्या मंडळींतच बसतात. औषधालयांचे प्रतिनिधी सभागृहाबाहेर टेबलामागे उभे असतात. सायंकाळी प्रत्येकाच्या हाती सूचिपत्रांची पिशवी असते, मात्र ज्याचे औषध आपण वर्षभर रुग्णास देतो त्याच्याशी चार शब्दही झालेले नसतात. हे टाळण्यासाठी मेळाव्याची आखणी कशी असावी, याचा विचार आम्ही येथे मांडीत आहोत.

परंपरेतील आदर्श

एका विषयाभोवती गुंफलेली परिषद आपल्या शास्त्रास नवी नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सव्विसाव्या अध्यायात चैत्ररथ वनातील अशीच परिषद वर्णिली आहे. विषय एकच : रस किती? भद्रकाप्याने एक म्हटला, कांकायन बाह्लीकाने असंख्य म्हटले. मधल्या सात जणांनी दोनपासून आठपर्यंत संख्या सांगितल्या. त्यांत ऋषींबरोबर राजर्षी वार्योविद आणि विदेहराज निमी हेही होते. सर्वांचे ऐकून झाल्यावर पुनर्वसु आत्रेयांनी सहा रसांचा निर्णय दिला.

विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात तद्विद्यसंभाषेचे संधाय आणि विगृह्य असे दोन प्रकार सांगितले आहेत. पहिली मित्रभावाची, दुसरी जिंकण्यासाठीची. संधाय संभाषेत निःशंकपणे विचारावे, निःशंकपणे सांगावे आणि पराभवाचे भय बाळगू नये, असा त्या विवेचनाचा आशय आहे. मेळाव्याच्या आखणीचे सारे मर्म आम्हांस येथेच दिसते. रमणीय स्थळ, सर्वांना भिडणारा एक प्रश्न, प्रत्येकास बोलण्याची संधी आणि शेवटी निर्णय या चार गोष्टी साधल्या की परिचय आपोआप होतो.

आज याची निकड का?

पूर्वी वैद्य स्वतःच औषध सिद्ध करीत असे. आमच्याच रायगड जिल्ह्यात, पनवेल येथे 1872 साली वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी श्रीधूतपापेश्वर हा औषधी कारखाना स्थापन केला. अशा कारखान्यांमुळे सिद्धौषधे दूरवर पोहोचली. त्याचबरोबर औषध लिहिणारा हात आणि ते कुटणारा हात वेगळे झाले. या दोहोंत संवाद नसेल तर मधल्या फटीत भेसळ शिरते. अशोकाऐवजी खोट्या अशोकाची साल, काडेचिराईताऐवजी कालमेघ, नागकेशराऐवजी सुरंगीच्या कळ्या हे प्रकार बाजारात परिचित आहेत. गुण आला नाही तर रुग्ण वैद्यास दोष देतो, वैद्य कारखान्यास आणि कारखाना व्यापाऱ्यास. तिघे एका ताटाभोवती बसतील तरच हे चक्र थांबेल.

स्थळ व काळ

रायगड जिल्ह्यापुरते पाहता वडखळ हे स्थान आम्हांस सोयीचे वाटते. मुंबई-गोवा महामार्गावरून अलिबागचा रस्ता येथेच फुटतो. पनवेल-पेणकडून, पोयनाड-अलिबागकडून आणि नागोठणे-रोह्याकडून येणारे सभासद येथे एकत्र येऊ शकतात व सायंकाळी घरी परतू शकतात. गणेशोत्सवाच्या आसपास मात्र तारीख ठरवू नये. त्या दिवसांत कोकणात जाणाऱ्या वाहनांनी हा महामार्ग भरून जातो. भर पावसाळाही वर्ज्य मानावा. हेमंत ऋतू उत्तम.

सहा दालने

विषय म्हणून षड्रस घ्यावेत. मंगल कार्यालयात पडदे लावून सहा दालने करावीत. विषयाची सजावट म्हणजे रंगीत कापड आणि ध्वनिक्षेपक नव्हे; द्रव्याचा गंध, खलबत्त्याचा नाद आणि उकळणारा काढा हीच खरी सजावट.

मधुर दालनात ज्येष्ठमध, सोललेले व सालीसह. आम्ल दालनात आमसूल आणि आवळा. लवण सोडून पाचही रस असलेला आवळा येथे चर्चेस उत्तम. लवण दालनात सैंधव, सौवर्चल, बिड आणि सामुद्र. सामुद्रासाठी खाडीकाठचे मीठ आणावे. कटु दालनात सुंठ, पिंपळी आणि मिरी. शेजारी मिरीत मिसळली जाणारी पपईची वाळलेली बी ठेवावी. तिक्त दालनात काडेचिराईत आणि कालमेघ शेजारी असावेत. दोन्ही कडूच, म्हणून केवळ जिभेवर विसंबता येत नाही, हा धडा येथे मिळतो. कषाय दालनात अशोकाच्या खऱ्याखोट्या साली आणि हिरडा. उत्तम हिरडा पाण्यात बुडतो, असे भावप्रकाशात म्हटले आहे. पाण्याचे भांडे ठेवून प्रत्येकाने ही परीक्षा स्वहस्ते करावी.

एक दक्षता अत्यावश्यक आहे. चाखावयाची द्रव्ये ओळख पटलेली व स्वच्छ असावीत. संशयित नमुने केवळ पाहण्यासाठी बंद बरणीत ठेवावेत. विषवर्गातील द्रव्ये आणूच नयेत.

गटांची रचना

एका गटात आठ जण, असे सहा गट, एकूण अठ्ठेचाळीस. प्रत्येक गटात ज्येष्ठ वैद्य, नवपदवीधर, औषधालयचालक आणि कच्च्या मालाचा जाणकार यांची मिसळ असावी. एकाच गावचे शक्यतो एकत्र नसावेत. प्रत्येक दालनात वीस मिनिटे, म्हणजे दोन तासांत फेरी पूर्ण होते. दालनात भाषण नसावे, एक प्रश्न असावा : यांतील खरे कोणते, आणि कशावरून? उत्तर गटाने मिळून लिहावे. हातात द्रव्य असले की अबोल माणूसही बोलू लागतो, आणि पदवीपेक्षा अनुभवास मान मिळतो.

भोजनही विषयास धरून असावे. प्रथम मधुर, मध्ये आम्ल व लवण, नंतर उर्वरित रस हा सुश्रुतोक्त क्रम वाढप्यांस आधी समजावून सांगावा. गट न मोडता पंगत बसवावी.

प्रायोजकत्वाची मर्यादा

शुल्क सर्वांस समान असावे. एकाच औषधालयाच्या खर्चाने मेळावा झाला की प्रश्न विचारणाऱ्याची जीभ जड होते आणि संधाय संभाषा संपते. कारखान्यांनी वस्तूंच्या भेटी देण्याऐवजी कच्च्या द्रव्यांचे नमुने आणावेत. दर्शनी फलकांवर रोगनिवारणाचे दावे नसावेत. 1954 च्या औषधे व जादुटोणाविषयक आक्षेपार्ह जाहिरात कायद्याच्या अनुसूचीत मधुमेहासह अनेक व्याधी येतात, याचे स्मरण असावे.

निर्णय आणि पाठपुरावा

अखेरच्या तासात सहाही गटांनी आपली उत्तरे परिषदेपुढे वाचावीत. मतभेद असतील तेथे ज्येष्ठांनी निर्णय सांगावा. निर्णय होत नसेल तर तो नमुना प्रयोगशाळेकडे पाठवावा आणि अहवाल सर्वांस कळवावा. कोणत्या द्रव्याविषयी कोणी कोणास काय कळवावयाचे, याची नोंदवही शाखेने ठेवावी. मेळाव्याचे यश उपस्थितीवरून मोजू नये. पुढील तीन महिन्यांत किती वैद्यांनी औषधालयास, आणि किती औषधालयांनी वैद्यास, द्रव्याविषयी विचारणा केली यावरून ते मोजावे.

शाखांनी आपापल्या सोयीनुसार या योजनेत फेरफार करून ती अमलात आणावी आणि आलेला अनुभव या त्रैमासिकाकडे पाठवावा, ही विनंती.