हाक आणि दार

दूरच्या एखाद्या संगणकाशी संपर्क होईनासा झाला की दोष नेमका कोठे आहे, हे ठरविण्याची पाळी येते. वाट अडली आहे, की पलीकडील सेवाच बंद पडली आहे? निदान चुकले तर निरपराध्याच्या माथी खापर फोडले जाते आणि काम मात्र तसेच अडून राहते. म्हणून आज्ञेची एक ओळ टंकून चालणारी साधी साधने जाणते लोक प्रथम हाती घेतात. पण त्यांतले कोणते घ्यावे?

सर्वांच्या परिचयाचे साधन म्हणजे ‘पिंग’. अमेरिकेतील माइक म्यूस यांनी ते डिसेंबर १९८३ मध्ये लिहिले. पाण्याखालील वस्तूंचा वेध घेणाऱ्या सोनार यंत्राच्या नादावरून त्यांनी हे नाव दिले. हाक घालावी, ओ येते का ते पाहावे आणि मध्ये गेलेला वेळ मोजावा, एवढेच त्याचे काम. परंतु ओ आली म्हणजे सेवा चालू आहे, असे मात्र नव्हे. यंत्र जागे असते आणि सेवा निजलेली असते. उलट, कित्येक ठिकाणी फायरवॉल ही हाक मुद्दाम अडविते आणि आत सेवा मात्र सुरळीत चाललेली असते.

संगणकावरील सेवा ‘पोर्ट’ नावाच्या क्रमांकित दारांमागे बसतात. हे क्रमांक ६५,५३५ पर्यंत जातात. सुरक्षित संकेतस्थळ बहुधा ४४३ क्रमांकाच्या दारी असते. हे दार ठोठावण्यास पूर्वी टेलनेट वापरीत. आज त्याहून सुटसुटीत साधन म्हणजे ‘नेटकॅट’, अर्थात ‘एनसी’. आज्ञेत ‘झेड’ आणि ‘व्ही’ हे पर्याय, संगणकाचे नाव व दाराचा क्रमांक दिला की पुरे. विंडोजवर पॉवरशेलमधील ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ ही आज्ञा हेच काम करते.

उत्तरे तीन प्रकारची येतात. जोडणी झाली, तर दार उघडे आहे. तत्काळ नकार आला, तर यंत्रापर्यंत वाट आहे, पण बहुधा दारामागे कोणी नाही. तेव्हा सेवा चालविणाऱ्यास विचारावे. नुसतीच शांतता राहिली, तर वाटेत फायरवॉल आहे किंवा यंत्रच बंद आहे. तेथे जाळ्याची व्यवस्था पाहणाऱ्याकडे जावे.

यंत्र जागे आहे का, हे विचारावयाचे असेल तर पिंग. सेवेचे दार उघडे आहे का, हे विचारावयाचे असेल तर नेटकॅट. आपला प्रश्न आधी निश्चित करावा. साधनाची निवड मग अवघड राहत नाही.