घरच्या स्टिरिओला सबवूफर हवाच का? आधी मोबाईलवरून ही चाचणी करा

लग्नसराईत चिमूरच्या रस्त्यावरून डीजे गेला की छातीत धडधडतं आणि खिडकीची तावदानं थरथरतात. मग घरच्या दोन स्पीकरवर तेच गाणं लावलं की पुचाट वाटतं. लगेच निष्कर्ष निघतो: सबवूफर घ्यावा लागेल! हा प्रश्न मला इथली कॉलेजची मुलं नेहमी विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी तपासा, मग पैसे काढा. बेस कमी वाटण्याची मुख्य कारणं तीन आहेत आणि सबवूफर त्यातलं एकच नीट दूर करतो.

सबवूफर नेमकं काय करतो?

माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकतो. हर्ट्झ म्हणजे एका सेकंदात होणारी कंपनं. सबवूफर फक्त तळाचा भाग सांभाळतो, साधारण २० ते ८० किंवा १०० हर्ट्झ. इतक्या खालच्या आवाजासाठी खूप हवा ढकलावी लागते. चार-पाच इंची वूफर तिथे दमतो, म्हणून मोठा वूफर आणि वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागतो.

आता तुम्ही काय ऐकता ते बघा. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वरच साधारण ८५ हर्ट्झच्या वर असतो, बाईचा त्याहून वर. म्हणजे बातम्या, पॉडकास्ट, कीर्तन, तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं यात सबवूफरला फारसं काम नाही. पण ‘सैराट’ची (२०१६) गाणी घ्या. त्यांच्यासाठी अजय-अतुल यांनी हॉलिवूडमध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला. अशा ऑर्केस्ट्रातल्या डबल बासची सगळ्यात जाड तार नेहमीच्या जुळणीत ४१ हर्ट्झवर वाजते, बास गिटारचीही तेवढ्यावरच. हिपहॉप, डीजे रिमिक्स आणि अ‍ॅक्शन सिनेमे तर याच्याही खाली जातात.

पाच मिनिटांची चाचणी

मोबाईलवर ‘टोन जनरेटर’ प्रकारचं फुकट अ‍ॅप घ्या आणि फोन स्टिरिओला जोडा. फोनच्या स्वतःच्या स्पीकरवर ही चाचणी होत नाही. आवाज कमी ठेवून १०० हर्ट्झपासून सुरू करा, मग ८०, ६०, ५०, ४०. स्पीकर फडफडला तर लगेच थांबा. खालचे आवाज कानाला मुळातच हळू वाटतात, त्यामुळे ‘कमी झाला’ याकडे लक्ष देऊ नका. ‘गायब कुठे झाला’ ते बघा.

आता टोन चालू ठेवून खोलीत फिरा. खरी गंमत इथेच आहे.

१. टोन भिंतीजवळ ऐकू येतो, पण बसायच्या जागी नाही. मग दोष खोलीचा. ५० हर्ट्झची ध्वनिलहर जवळपास ७ मीटर लांब असते. १२ फूट लांबीच्या खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा आवाज समोरासमोरच्या भिंतींवर आपटून असा जमतो की भिंतींशी जोरात आणि मध्यभागी अगदी क्षीण. माझ्या दहा बाय बाराच्या खोलीत ५० चा टोन खुर्चीवर जवळपास नव्हताच, पलंगाच्या उशाशी मात्र भरपूर होता. खुर्ची दोन फूट मागे सरकवली आणि काम झालं. इथे सबवूफर आणला असता तरी मधला तो खड्डा बहुधा तसाच राहिला असता.

२. टोन ठीक आहे, पण हळू आवाजात गाणी पुचाट लागतात. हा कानाचा स्वभाव आहे. आवाज कमी केला की आपल्याला बेस आधी कमी वाटतो. स्टिरिओवर ‘लाउडनेस’चं बटण असेल तर ते दाबा किंवा इक्वलायझरवर बेस थोडा वाढवा. स्पीकर भिंतीच्या जवळ सरकवला तरी बेस वाढतो.

३. ७०-८० च्या खाली खोलीत कुठेच काही येत नाही. ही स्पीकरची खरी मर्यादा. तुमची आवड बेसवाली असेल तर इथे सबवूफरचे पैसे वसूल होतात. टोन ५० पर्यंत स्पष्ट येत असेल तर बहुतेक गाण्यांसाठी तेवढं पुरतं.

घ्यायचाच असेल तर

आधी स्टिरिओच्या मागे ‘सब आउट’ आहे का बघा. नसेल तर स्पीकरच्या वायरी थेट घेणारा सबवूफर लागेल. क्रॉसओव्हर ८० हर्ट्झच्या आसपास ठेवून सुरुवात करा. जागा ठरवायला सोपी युक्ती: सबवूफर तात्पुरता तुमच्या खुर्चीच्या जागी ठेवा, बेसचं गाणं लावा आणि भिंतीच्या कडेने रांगत फिरा. जिथे बेस सगळ्यात एकसारखा ऐकू येईल, तिथे सबवूफर मांडा. नागपूरला सीताबर्डीच्या दुकानात दणदणीत वाजलेला डबा तुमच्या खोलीत तसाच वाजेल असं समजू नका, कारण ती खोली वेगळी.

शेवटची गोष्ट शेजाऱ्यांची. भिंत बारीक आवाज बराच अडवते, पण बेस आरपार जातो. तुम्हाला मंद वाटणारी धडधड पलीकडे दहावीचा अभ्यास करणाऱ्या पोराला किंवा आजारी आजीला रात्रभर छळू शकते. आपल्याकडे टिनाचं छत असेल तर तेही खडखडतं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रहिवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ पर्यंतची मर्यादा ४५ डेसिबल आहे. ज्यांचं गाणं ऐकणं रात्री दहानंतरच सुरू होतं, त्यांना मी सबवूफरऐवजी चांगला हेडफोन घ्यायला सांगतो. त्याला ना भिंत लागते ना कोपरा, आणि तळाचा बेस कानापर्यंत थेट पोचतो.